कोकी आणि त्याची हरवलेली भावंडं

प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडंसंच मोठं. १८९८पासून ते अमेरिकेच्या ताब्यात आहे, पण भाषा अजून स्पॅनिश आहे, आणि आपण कोण हे सांगायची वेळ आली की तिथला माणूस एका बेडकाचं नाव घेतो. 'सोय दे आकी, कोमो एल कोकी', म्हणजे मी इथलाच, कोकीसारखा. दिवेलागण झाली की झाडाझुडपांतून, अंगणातल्या कुंड्यांतून, रस्त्याकडेच्या गवतातून 'को-की, को-की' सुरू होतं आणि रात्रभर चालतं. आवाज काढणारा नर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीचा, मादी थोडी मोठी, रंग मातकट तपकिरी. दिसायला त्यात विशेष काही नाही. तरी बेट सोडून गेलेल्यांना घरची आठवण याच आवाजाने येते.

याच बेडकामुळे २००४ मध्ये हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटाचे महापौर हॅरी किम यांनी आणीबाणी जाहीर केली होती. तिथे कोकी म्हणजे झोप उडवणारा, घराची किंमत पाडणारा उपरा. या दोन बेटांच्या गोष्टी नेहमी जोडीने सांगितल्या जातात आणि चर्चा त्याच वळणावर येऊन थांबते: कोकी चांगला की वाईट? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. गेल्या साठ वर्षांत या बेडकावर झालेलं काम एकत्र ठेवून पाहिलं, तर काळजीचं खरं कारण वेगळ्या ठिकाणी सापडतं. कोकी एकटा नाही. प्वेर्तो रिकोत त्याला सोळा भावंडं होती. त्यांतली तीन गेली, आणखी काही त्याच वाटेवर आहेत. कोकीचा गजर रात्र इतकी भरून टाकतो, की बाकीचे गप्प होत चालल्याचं ध्यानात येणंही अवघड होतं.

या बेडकांचा वंश एल्युथेरोडॅक्टिलस. प्वेर्तो रिको आणि त्याच्या आसपासची लहान बेटं मिळून या वंशाच्या सतरा प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. सामान्य कोकीला स्वतःचं शास्त्रीय नाव मिळालं ते १९६६ मध्ये, रिचर्ड थॉमस यांच्याकडून. तोवर त्याची गणना डोंगरमाथ्यावरच्या दुसऱ्या एका प्रजातीतच होत असे. घरोघरी ऐकू येणाऱ्या प्राण्याची ही अवस्था, तर ढगांत बुडालेल्या शिखरांवरच्या किंवा एखाद्याच दलदलीत राहणाऱ्या प्रजातींकडे लक्ष जायला किती उशीर झाला असेल याचा अंदाज यावा.

या भावंडांत फार वैविध्य आहे. एक प्रजाती फक्त मोना नावाच्या कोरड्या बेटावर राहते. एक ओढ्याकाठी राही, तिच्या पायांच्या बोटांमध्ये पडदे होते, या वंशात ते सहसा नसतात. ग्वाहोन हा तर गुहांचा रहिवासी. बेटाच्या आग्नेयेला याबुकोआ गावाच्या आसपास ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या आहेत. त्यांच्यामधल्या अंधाऱ्या, ओलसर पोकळ्या हेच त्याचं घर. मोठे, पांढऱ्या कडांचे डोळे, आणि नराच्या गळ्यावर पिवळा रंग. हा बेडूक नजरेला पडला की माणूस मरतो अशी जुनी समजूत त्या भागात होती. आज तो कायद्याने संरक्षित आहे, कारण त्याच्या शिळांभोवतीचं रान तोडलं की आतला ओलावा जातो, आणि त्याला जायला दुसरी जागा नाही.

ओलावा हा शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे. त्याचं कारण या बेडकांच्या जन्मात आहे. पावसाळ्यात आपल्याकडे डबक्यांतून शेपटीवाली पिल्लं वळवळताना दिसतात. कोकीच्या आयुष्यात ही पायरीच नाही. मादी वाळून गुंडाळी झालेल्या पानात किंवा ताडाच्या पडलेल्या झावळीच्या खोबणीत साधारण दोन-अडीच डझन अंडी घालते. अंडं सुमारे साडेतीन मिलिमीटरचं, म्हणजे बेडकाच्या मानाने बरंच मोठं, आणि बलकाने भरलेलं. पाण्यात पोहत अन्न शोधण्याचं सारं काम हा बलक वाचवतो. १७ ते २६ दिवसांत अंड्यातून पूर्ण घडलेला, चार पायांचा इवलासा बेडूक बाहेर येतो. पाण्यातली पिल्लं ज्या थायरॉइड संप्रेरकामुळे रूप पालटतात, त्याच संप्रेरकावर इथे अंड्याच्या आतले बदल चालतात, हे रिचर्ड एलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसलं. म्हणजे रूपांतर टळलेलं नाही, ते अंड्यात लपलं आहे.

१९८१ मध्ये डॅनियल टाउनसेंड, मार्गारेट स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोकीचं फलन मादीच्या शरीरातच होतं. बेडकांमध्ये ही गोष्ट फार दुर्मीळ. पुढे अंड्यांची राखण मात्र नर करतो. तो त्यांच्यावर बसून राहतो, स्वतःच्या अंगातला ओलावा त्यांना देतो आणि अंडी खायला आलेल्या दुसऱ्या कोकींना हुसकावून लावतो. संशोधकांनी काही घरट्यांवरचे नर उचलून पाहिले, तेव्हा तिथली बरीच अंडी एक तर सुकली किंवा खाल्ली गेली.

हीच वाट सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांनीही वेगळ्याने शोधली आहे. आंबोलीचं नाव लावणारा स्यूडोफिलॉटस आंबोली आणि त्याचे नातेवाईक हेही डबक्यातली पायरी गाळून थेट अंड्यातून बेडूक होऊन येतात. दोन्हीकडच्या बेडकांचं नातं फार दूरचं, तरी अडचणीचं उत्तर एकच निघालं. डबक्यावाचून अडत नाही हे खरं. पण त्याऐवजी हवेतल्या दमटपणाशी, पानाखालच्या गारव्याशी गाठ बांधावी लागते, आणि तो दमटपणा कमी झाला तर पाण्याकडे परतण्याची सोय उरलेली नसते.

आवाजाकडे वळू. पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका यांनी १९७६ मध्ये 'सायन्स'मध्ये जे दाखवलं ते आजही प्राण्यांच्या ध्वनीव्यवहारातलं महत्त्वाचं काम मानलं जातं. नराच्या हाकेचे दोन तुकडे दोन वेगळ्या श्रोत्यांसाठी आहेत. 'को' हा खालचा सूर, सुमारे ११०० हर्ट्झचा. तो दुसऱ्या नरांना सांगतो की ही जागा घेतलेली आहे. 'की' हा २००० हर्ट्झच्या आसपासचा वरचा सूर मादीसाठी. फरक नुसता वागण्यात नाही, कानातच आहे: मादीच्या श्रवणतंतूंमध्ये वरच्या सुराला प्रतिसाद देणाऱ्या तंतूंचं प्रमाण नरापेक्षा जास्त असतं. अर्ध्या मीटरवरून मोजला तर हा आवाज ९० ते १०० डेसिबलपर्यंत भरतो. उंचीनुसार तो बदलतोही. पायथ्याचे कोकी लहान, त्यांची हाक आखूड आणि चढ्या सुराची. माथ्याचे कोकी मोठे, त्यांची हाक लांब आणि खालच्या सुराची. गारव्यात वाढलेलं शरीर मोठं होतं आणि मोठ्या शरीराचा सूर उतरतो. पुढे हवामानाचा मुद्दा येईल तेव्हा ही गोष्ट कामी येणार आहे.

कोकीवरचं बहुतेक काम बेटाच्या ईशान्येच्या लुकीयो डोंगरांत, एल युंकेच्या वर्षावनात झालं. तिथे हेक्टरी सुमारे २०,००० कोकी असल्याचा अंदाज स्टुअर्ट आणि लॉरेन्स वुलब्राइट यांनी मांडला. इतके बेडूक रोज रात्री किडे, मुंग्या, कोळी खातात आणि स्वतः घुबडांच्या, सापांच्या, मोठ्या कोळ्यांच्या तोंडी पडतात. जंगलातलं अन्न खालून वर पोचवणारी ही मोठी साखळी आहे. स्टुअर्ट यांचं एक निरीक्षण मला विशेष आवडतं. ओल्या रात्री कोकी झाडाच्या बुंध्यावरून शेंड्याकडे चढतात आणि पहाटे उतरताना चालत येत नाहीत, सरळ हवेत उड्या टाकतात. बुंध्यावर शिकारी टपलेले असतात, आणि एवढ्या हलक्या शरीराला पडण्याचं भय नसतं. कोरड्या रात्री हेच बेडूक पाय पोटाशी घेऊन, हनुवटी जमिनीला टेकवून बसून राहतात. ओरडणं बंद, शिकार बंद, कारण हललं की अंगातलं पाणी उडतं.

वादळं हा या बेटाच्या जगण्याचा भाग आहे. १९८९ च्या ह्युगो वादळाने लुकीयोतली झाडं उघडी-बोडकी केली. सुरुवातीला कोकी घटले; पण पडलेल्या पानांच्या आणि फांद्यांच्या ढिगांमुळे लपायला जागा वाढली, शिकारीही कमी झाले, आणि पाहता पाहता प्रौढ कोकींची संख्या वादळाआधीच्या कितीतरी पुढे गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर या बेटावर जंगल अगदी थोडं, दहा टक्क्यांच्याही आत उरलं होतं. उसासाठी, कॉफीसाठी सगळं तोडलं होतं. नंतर शेती सुटली, जंगल पुन्हा वाढलं आणि आज निम्म्याहून जास्त बेट झाडाखाली आहे. त्या सगळ्या पडझडीत कोकी टिकला. कॉफीच्या सावलीत, केळीच्या बागेत, गावातल्या परसात तो राहू शकतो. त्याचा हा चिवटपणा पाहूनच अनेकांना वाटलं की या बेटाच्या बेडकांना काही होणार नाही.

पण होत होतं, आणि त्याच काळात. सोनेरी कोकी हे त्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण. कायेच्या डोंगररांगेत झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाच्या पानांच्या बेचक्यांत हा पिवळाधमक बेडूक राही. त्याची मादी अंडी बाहेर घालतच नसे. पोटातच वाढवून जिवंत पिल्लांना जन्म देई. जगात असं करणारे बेडूक मोजकेच. १९७६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं, पुढच्याच वर्षी त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि १९८१ नंतर तो कोणालाही दिसलेला नाही. कागदोपत्री सगळं वेळेवर झालं होतं. ओढ्याकाठचा पडदेवाल्या बोटांचा कोकी त्याआधीच, सत्तरच्या दशकात नाहीसा झाला. तिसरी प्रजाती, एनेइदे, १९९० च्या सुमाराला शेवटची ऐकली गेली. तिघांपैकी ओढ्याकाठचा आणि एनेइदे चांगल्या राखलेल्या जंगलांतूनही गेले, म्हणून सुरुवातीला कोणाला कारण कळेना.

प्वेर्तो रिको विद्यापीठातले राफाएल होग्लार आणि पॅट्रिसिया बुरोवेस यांनी अनेक वर्षं रात्री रात्री जंगलात मोजणी करून त्याचा माग काढला. १९९९ मध्ये शास्त्राला ओळख पटलेली कायट्रिड बुरशी प्वेर्तो रिकोतही सापडली. संग्रहालयात ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या कातडीवर शोधलं, तेव्हा ती १९७६ मध्येच तिथे होती असं दिसलं, आणि तीही त्याच नाहीशा झालेल्या ओढ्याकाठच्या प्रजातीवर. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. आयुष्यात डबक्यात न उतरणारे बेडूक तिच्या तावडीत सापडावेत, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. २००४ मध्ये बुरोवेस, होग्लार आणि डेव्हिड ग्रीन यांनी मांडलेलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. कोरडे दिवस लांबले की ओलावा धरून असलेल्या जागा थोड्याच उरतात. बेडूक त्या जागांत दाटीने जमतात आणि एकाची बुरशी दुसऱ्याला लागते. दुष्काळ आणि रोग वेगवेगळे आले असते, तर कदाचित निभावलं असतं. ही बुरशी बेटावर मुख्यतः ६०० मीटरच्या वर, थंड भागात आढळते. म्हणजे उष्णतेपासून सुटका म्हणून जी उंची उपयोगी पडायची, तिथेच रोगाचं ठाणं.

सामान्य कोकी या बुरशीबरोबर जगतो आहे. उंचावरच्या जंगलात त्यालाही तिची लागण असते, तरी तो संपलेला नाही. पण याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही, असं अॅना लाँगो आणि बुरोवेस यांचं २०१० चं काम सांगतं. लहान पिल्लं मोठ्यांपेक्षा जास्त बळी पडतात, आणि पुरेशी पिल्लं मोठी झाली नाहीत तर आजचा गजर उद्याची खात्री देत नाही. संकटातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत कोकीच्या नावापुढे 'धोका नाही' असं लिहिलेलं आहे. संपूर्ण प्रजातीसाठी ते बरोबर आहे. डोंगरमाथ्यासाठी तसं म्हणता येणार नाही.

हवामानाबद्दल दोन अभ्यास गाजले, आणि त्यांच्यातला फरक समजून घ्यायला हवा. पहिला नॅरिन्स यांचाच. १९८३ मध्ये त्यांनी लुकीयोतल्या डोंगररस्त्याने चढत वेगवेगळ्या उंचीवर कोकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. २००६ मध्ये सेबास्टियान मीन्डरिंक यांच्यासोबत त्याच रस्त्याने, त्याच जागी पुन्हा. तेवीस वर्षांत प्रत्येक उंचीवरची हाक आखूड झाली होती आणि सूर चढला होता. कुठल्याही ठिकाणचा कोकी आता पूर्वीच्या जरा खालच्या ठिकाणच्या कोकीसारखा ओरडत होता. हा बदल ०.३७ अंश सेल्सियस तापमानवाढीशी जुळतो, असा त्यांचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज चढत गेला आणि मादीचे कान त्याच वेगाने बदलले नाहीत तर हाक पोचेल का, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न आहे.

दुसरा अभ्यास ब्रॅडफर्ड लिस्टर आणि आंद्रेस गार्सिया यांचा, २०१८ चा. लिस्टर यांनी सत्तरच्या दशकात लुकीयोत किडे मोजले होते. पुन्हा जाऊन मोजल्यावर किड्यांचं वजन दहा ते साठ पटींनी घटल्याचं, आणि सरडे, कोकी, पक्षीही त्याबरोबर कमी झाल्याचं त्यांनी लिहिलं. त्यांनी दोष तापमानवाढीला दिला. जगभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी कीटकांच्या प्रलयासारखी छापली गेली. मात्र त्याच जंगलात अनेक दशकं सलग नोंदी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनी लगेच हरकत घेतली. तापमान मोजणारी उपकरणं मधल्या काळात बदलली होती, आणि आकड्यातली बरीच वाढ त्या बदलातून आली होती. शिवाय ह्युगो आणि जॉर्जेस यांसारख्या वादळांनंतर किड्यांची आणि बेडकांची संख्या वर-खाली होत राहते. दोन टोकांची वर्षं घेऊन मधली रेघ ओढली तर चुकीचं चित्र उमटतं. टिमोथी शोवॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सलग नोंदींच्या आधारे लिहिलं की किडे एका दिशेने कमी होत नाहीत, ते वादळांना प्रतिसाद देतात. मला ही बाजू अधिक भक्कम वाटते. पण तिच्या आधारे हवामानाची काळजीच सोडून देणाऱ्यांशी मी सहमत नाही. नॅरिन्स यांच्या ध्वनिमुद्रणांत थर्मामीटरची भूमिका बेडकाच्या शरीराने निभावली आहे, आणि बुरोवेस यांच्या नोंदींत दुष्काळाचा मार थेट दिसतो. आकडा किती हा वाद राहील. दिशा कोणती, यावर फारसा वाद उरलेला नाही.

आता हवाई. कोकी बेटाबाहेर नेला तर जगत नाही, अशी प्वेर्तो रिकोत जुनी श्रद्धा होती. १९८८ च्या सुमाराला रोपवाटिकेतल्या झाडांबरोबर तो हवाईला पोचला आणि ती श्रद्धा खोटी ठरली. हवाईत मुळात एकही देशी बेडूक नाही, जमिनीवरचा देशी सरपटणारा प्राणीही नाही. मोठ्या बेटावरच्या हिलो शहराच्या बाजूला भरपूर पाऊस, डबक्याची गरज नसलेला बेडूक, त्याला खाण्यात तरबेज असा शिकारी नाही. काही ठिकाणी हेक्टरी ९०,००० पर्यंत कोकी मोजले गेले. प्वेर्तो रिकोच्या दाट जंगलापेक्षा चौपट. शांततेसाठी हवाईत घर घेतलेल्या माणसाच्या खिडकीखाली रात्रभर हा आवाज असेल तर त्याच्या त्राग्याला मी दोष देणार नाही. घर विकताना आसपास कोकी आहेत हे सांगावं लागू लागलं, आणि जिथे तक्रारी जास्त तिथे घरांच्या किमती घसरल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं.

त्यांना मारायला काय काय वापरलं गेलं: २००१ मध्ये कॅफीनच्या फवारणीला तातडीची परवानगी, नंतर सायट्रिक अॅसिड, विझवलेला चुना, आणि रोपांसाठी ४५ अंशांच्या आसपासचं गरम पाणी. गरम पाण्याच्या अंघोळीने झाड जगतं आणि बेडूक व त्याची अंडी मरतात. कवाई बेटावर लावाई भागात सुरुवातीलाच पकडल्यामुळे हे बेडूक संपवता आले. २०१२ मध्ये ते बेट कोकीमुक्त जाहीर झालं. मोठ्या बेटावर ती वेळ केव्हाच निघून गेली आहे. मावीवर माळिको घळीत झगडा चालू आहे. यातून निघणारा धडा सोपा आणि जुना: बेडूक मारण्यात खर्च होणाऱ्या पैशाचा थोडासा भाग कुंड्या तपासण्यात, रोपं बेटाबाहेर पडण्याआधी धुण्यात खर्च केला असता तर बरंच वाचलं असतं.

पर्यावरणाचं नेमकं काय बिघडलं, यावर यूटा स्टेट विद्यापीठाच्या कॅरेन बिअर्ड यांनी सगळ्यात जास्त काम केलं आहे. कोकी डास खातात म्हणून त्यांना राहू द्या, असं म्हणणारा एक गट हवाईत आहे. बिअर्ड यांनी बेडकांच्या पोटातलं अन्न तपासलं तेव्हा त्यात डास नगण्य निघाले; जास्त भाग पाचोळ्यातल्या परदेशी मुंग्या आणि इतर बाहेरून आलेल्या जिवांचा. शिवाय बेडकांच्या विष्ठेतून आणि मृत शरीरांतून जमिनीला मिळणारं खत वाढतं. त्याचा फायदा देशी ओहिआ झाडांना झालेला दिसला नाही, तर पानं जास्त फुटली स्ट्रॉबेरी पेरूला, म्हणजे हवाईतल्या आणखी एका आक्रमक परक्याला. हवाईच्या कोकींवर कायट्रिड बुरशीही थोड्या प्रमाणात सापडली. आणि नव्या बेटावर वर-खाली पसरताना त्यांच्या हाकेत उंचीनुसार तोच उतार दिसू लागला आहे, जो प्वेर्तो रिकोत आहे: वर मोठा बेडूक, खालचा सूर. काही दशकांत. उष्णतेचा आणि आवाजाचा संबंध किती घट्ट आहे याचा हा वेगळा पुरावा.

कोस्टा रिकातल्या तुरिआल्बा गावातही १९९८ च्या सुमाराला कोणीतरी कोकी सोडले. ते तिथे टिकले, फार पसरले नाहीत, आणि गावाला त्यांचा आवाज आवडतो.

हवाईमुळे एक युक्तिवाद पुढे येतो की, प्रजाती तिकडे भरभराटली आहे, मग प्वेर्तो रिकोतल्या घटीची एवढी चिंता कशाला? मला हे मान्य नाही. हवाईतले सगळे कोकी मूळ बेटाच्या एका भागातून आलेल्या मोजक्या बेडकांचे वंशज, त्यांच्यात जनुकीय वैविध्य कमी आहे. माथ्यावरच्या थंडीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेले कोकी तिथे नाहीत. आणि सोनेरी कोकीसाठी कुठलंही हवाई नव्हतं. चिवट प्रजाती दुसरीकडे जगली म्हणून नाजूक प्रजातींचं घर वाचत नाही.

त्या घराची किंमत काय असते हे कोकी यानेरोच्या उदाहरणातून कळतं. २००५ मध्ये नेफ्ताली रिओस-लोपेस यांना बेटाच्या उत्तरेला, तोआ बाहातल्या साबाना सेका या भागात, अमेरिकी नौदलाच्या सोडून दिलेल्या तळाजवळच्या दलदलीत एक अनोळखी आवाज आला. सूर ७ ते ८ किलोहर्ट्झचा, किड्यासारखा बारीक, म्हणून इतकी वर्षं कोणाला तो बेडूक वाटलाच नव्हता. २००७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन केलं. १९६६ मध्ये सामान्य कोकीला नाव देणारेच हे थॉमस. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, अंडी एका वेळी एक ते पाच, आणि तीही दलदलीतल्या एकाच वनस्पतीच्या पानांवर. जगात हा बेडूक तेवढ्याच एका पाणथळ जागेत सापडतो. शेजारी कचऱ्याचं क्षेपणस्थान, त्यातून झिरपणारं घाण पाणी, आणि त्या काळात तिथून जाऊ घातलेली गॅसची वाहिनी. वाहिनीचा प्रकल्प पुढे बारगळला. २०१२ मध्ये यानेरोला संरक्षण मिळालं आणि ६१५ एकर दलदल त्याचा अत्यावश्यक अधिवास म्हणून कायद्याने राखली गेली.

सोनेरी कोकीच्या वेळीही कायदा होता. या वेळी फरक इतका की त्या दलदलीत ऐकणारी यंत्रं बसली. मिचेल एड आणि प्वेर्तो रिको विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्बिमॉन नावाची व्यवस्था उभी केली. जंगलात ठेवलेला ध्वनिमुद्रक ठरावीक अंतराने आवाज टिपतो, तो संगणकाकडे जातो आणि कोणती प्रजाती ओरडली हे संगणक शोधतो. साबाना सेका हे त्यांच्या सुरुवातीच्या कायम ठाण्यांपैकी एक, आणि यानेरो त्यातली एक मुख्य प्रजाती. कोकीच्या गजरात दबलेला बारीक सूर वेगळा काढायला माणसाच्या कानापेक्षा हे साधन बरं.

लोकांचं प्रेम एका प्राण्यावरून दुसऱ्यावर वळवता येतं, हेही नुकतंच दिसलं. २०२५ च्या जानेवारीत बॅड बनी या प्वेर्तो रिकन गायकाच्या अल्बमसोबत एक लघुपट आला. त्यात कोन्चो नावाचा चितारलेला भेक होता, म्हणजे सापो कोन्चो, बेटावरचा दुर्मीळ देशी भेक. कोकीच्या सावलीत राहिलेलं हे नाव त्यामुळे जगभर गेलं. कोन्चोची पिल्लं प्राणिसंग्रहालयांत वाढवून १९९० च्या दशकापासून ग्वानिका आणि इतर ठिकाणच्या तळ्यांत सोडली जात आहेत, म्हणजे त्याच्यासाठी काम करणारी माणसं आधीपासून होती; त्यांना लोकांचं लक्ष मिळायला तीस वर्षं लागली. ग्वाहोनच्या शिळांना, यानेरोच्या दलदलीला, एल युंकेच्या ढगांतल्या बुटक्या जंगलात राहणाऱ्या लहान कोकींना ते आताच मिळायला हवं, कारण त्यांच्यापैकी कोणालाही परसात किंवा केळीच्या बागेत राहता येत नाही. तिथे कायमचे ध्वनिमुद्रक, कोरड्या महिन्यांत नियमित बुरशीची तपासणी आणि पाणथळ जागेच्या शेजारच्या कचऱ्याचा बंदोबस्त, ही कामं महागडी नाहीत, आणि ती कशी करायची हे बुरोवेस, होग्लार, रिओस-लोपेस यांच्यासारख्यांनी त्याच बेटावर करून दाखवलं आहे.